हातावरचे पोट

नऊ आठवड्यांचे चिवावा पिल्लू सकाळी घरभर हुंदडते, वाटीतले खाणे अर्धे टाकून पुन्हा खेळायला पळते. दुपारच्या झोपेतून उठल्यावर मात्र त्याचे पाय लटपटू लागतात. मान एका बाजूला कलते, हाक मारली तरी नजर वळत नाही. घरच्यांना वाटते, झोप पुरी झाली नसेल. थोड्या वेळाने अंगाला थरथर सुटते आणि मग आकडी येते. पुष्कळदा यामागे विषबाधा नसते, कुठे पडणे-आपटणे नसते, मोठा आजारही नसतो. रक्तातली साखर संपत आलेली असते. ती वेळेवर मिळाली तर पिल्लू काही मिनिटांत मान वर करते. नाही मिळाली, तर तासा-दोन तासांत हातचे जाऊ शकते.

म्हणून पहिला उपाय सर्वांत आधी सांगतो. पिल्लू झोकांड्या खाताना किंवा विचित्र सुस्त दिसले की बोटावर मध, साखरेचा घट्ट पाक किंवा पाण्यात कालवलेली ग्लुकोजची पूड घ्यावी आणि त्याच्या हिरड्यांवर, ओठांच्या आतल्या बाजूला चोळावी. पिल्लू शुद्धीवर नसेल तर घशात काहीही ओतू नये. ते फुप्फुसात जाते. आकडी चालू असेल तर बोट दातांमध्ये सापडणार नाही एवढे जपावे. पिल्लाला टॉवेलात गुंडाळून ऊब द्यावी, गिळता येऊ लागले की थोडे खायला घालावे, आणि ते हुशार झाले तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. साखर उतरण्यामागे जंत, जुलाब किंवा दुसरा संसर्ग असू शकतो. चार महिन्यांनंतरही हे वारंवार होत असेल तर यकृताची तपासणी करून घ्यायला हवी. यॉर्कशायर टेरियर आणि माल्टीज या जातींत यकृताला वळसा घालून जाणारी एक रक्तवाहिनी जन्मतःच असण्याचा दोष आढळतो, आणि त्याची एक खूण हीच असू शकते.

मोठ्या जातीच्या पिल्लाने एखादे जेवण टाळले तर त्याचे फारसे बिघडत नाही, मग याचेच असे का? दोन जेवणांच्या मधल्या वेळात शरीर यकृतात साठवलेल्या साखरेवर चालते, ती संपली की स्नायू आणि चरबी मोडून गरज भागवते. टॉय जातीच्या, म्हणजे अगदी चिमुकल्या अंगाच्या जातीच्या, पिल्लाचे यकृत एवढेसे, स्नायू कोवळे, चरबी जवळजवळ नाहीच. आणि सतत साखर मागणारा मेंदू मात्र शरीराच्या मानाने बराच मोठा. हातावर पोट असलेल्या माणसाचा एक खाडा झाला की संध्याकाळची चूल अडते, तशी या शरीराची गत असते. या प्रकरणात पुढे जे जे सांगायचे आहे ते सगळे याच एका गोष्टीतून निघते. टॉय जातीचे पिल्लू म्हणजे मोठ्या कुत्र्याची छोटी प्रत नव्हे. आकार लहान झाला की खाण्याचे, उबेचे, औषधाचे, हाडांचे सगळे प्रमाण बदलते.

प्राण्याचे वजन वाढते त्या प्रमाणात त्याची ऊर्जेची गरज वाढत नाही, ती सावकाश वाढते. स्वस्थ पडून राहण्यासाठी कुत्र्याला किती उष्मांक लागतात याचे एक सूत्र पशुवैद्य वापरतात. त्यानुसार 30 किलोच्या लॅब्रॅडॉरला दिवसाला सुमारे 900 किलोकॅलरी लागतात, म्हणजे किलोमागे 30. एक किलोच्या कुत्र्याला मात्र किलोमागे 70 लागतात. चार महिन्यांच्या आतल्या वाढत्या पिल्लाची गरज या मूळ आकड्याच्या साधारण तिप्पट धरतात, म्हणजे किलोभर वजनाच्या पिल्लाला दिवसाला 210 च्या आसपास किलोकॅलरी पोटात जायला हव्यात. आणि ते पोट एका वेळी काही चमच्यांपेक्षा जास्त मावून घेत नाही. शिवाय लहान शरीराचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो, त्यामुळे ऊबही भराभर निघून जाते. एसीच्या थेट झोतात किंवा डिसेंबरातल्या नाशिकच्या फरशीवर झोपलेले पिल्लू रात्रभर स्वतःला गरम ठेवण्यातच खाल्लेले जाळून टाकते.

यावरून वेळापत्रक आपोआप ठरते. तीन महिन्यांपर्यंत दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे, त्यातले शेवटचे घरची माणसे झोपायला जाताना आणि पहिले उजाडताच. तीन महिन्यांनंतर चार वेळा, आणि सहा महिन्यांपर्यंत तीनच्या खाली येऊ नये. नोकरी करणाऱ्या जोडप्याने दिवसभर कुलूपबंद फ्लॅटमध्ये असे पिल्लू ठेवायचे म्हटले, तर माझे मत स्पष्ट आहे: दुपारी खायला घालणारे कोणी नसेल तर या वयाचे पिल्लू आणूच नये. वर्षभराचे, अंगाने भरलेले कुत्रे घ्यावे. तेही तितकाच जीव लावते.

खायला काय घालायचे, हा आपल्या घरांमधला नाजूक विषय आहे. गेल्या पिढीत महाराष्ट्रातल्या अनेक घरांनी ‘पॉमेरियन’ म्हणून पांढरे शुभ्र कुत्रे पाळले आणि दूध-पोळीवर ते बारा-चौदा वर्षे जगले. त्या आठवणी खऱ्या आहेत. पण ते कुत्रे बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ होते. ‘हम आपके हैं कौन’ चित्रपटातला टफी त्याच जातीचा. हवामानाला सरावलेली, अंगाने चांगली पाच किलोंच्या पुढे जाणारी ती जात. आज दुकानात मिळणारा खरा पोमेरेनियन पूर्ण वाढूनही दीड ते सव्वातीन किलोंचा. त्याला जुना अनुभव लावला की पिल्लू खंगते. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिने आणि तेवढीच जास्त चरबी असते. उलट दुधातली साखर, जिच्यामुळे जुलाब लागतात, ती गाई-म्हशीच्या दुधात अधिक असते. पोळीने पोट भरल्यासारखे होते, पण त्यातून हाडांना कॅल्शियम मिळत नाही आणि स्नायूंना पुरेसे प्रथिनही नाही. ज्या शरीरात चार चमचेच मावतात, तिथे त्यातले दोन चमचे पोळीने अडवणे परवडत नाही.

लहान जातीच्या पिल्लांसाठी बनवलेले बारीक दाण्यांचे तयार खाद्य कोमट पाण्यात भिजवून देणे हा मला सर्वांत बिनधोक मार्ग वाटतो. घरचेच द्यायचे असेल तर उकडलेली कोंबडी, अंडे आणि मऊ भात चालतो, पण कॅल्शियम आणि इतर पूरके किती घालायची हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. अंदाजाने टाकलेले कॅल्शियमही वाढत्या हाडांना मानवत नाही. पहिला आठवडाभर तरी ब्रीडरकडे जे खात होते तेच द्यावे. घर नवे, माणसे नवी, आई नाही, अशा दिवसांत खाणेही बदलले की पिल्लू वाटीला तोंड लावत नाही, आणि न खाण्याचा परिणाम काय होतो ते आपण वर पाहिले.

स्वयंपाकघरातला वजनकाटा या काळात फार कामाचा. रोज ठरलेल्या वेळी पिल्लाला एखाद्या भांड्यात ठेवून वजन करावे आणि कॅलेंडरवर लिहून ठेवावे. सातशे ग्रॅमच्या पिल्लाचे वजन पन्नास ग्रॅमने उतरले तर डोळ्यांना काही कळत नाही, पण ती सात टक्क्यांची घट आहे. साठ किलोच्या माणसाने रातोरात चार किलो गमावण्याएवढी. वजन एका जागी थांबले तर लक्ष ठेवावे, उतरले तर डॉक्टरांना फोन करावा.

एवढासा आकार आला तरी कुठून? 2007 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक संशोधन प्रसिद्ध झाले. वाढीशी संबंधित आयजीएफ-1 नावाच्या जनुकाचा एक विशिष्ट प्रकार बहुतेक सगळ्या लहान जातींत सापडतो, असे त्यात दाखवले होते. पुढे 2022 मध्ये कळले की लहान आकार देणारा एक बदल सुमारे 54,000 वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांतही आहे. म्हणजे लहानपणाचे बी माणसाने तयार केले नाही. माणसाने ते निवडून निवडून वाढवले, आणि काही जातींत ही निवड फार वेगाने झाली. व्हिक्टोरिया राणीने 1888 साली फ्लॉरेन्सच्या मुक्कामात मार्को नावाचा पोमेरेनियन घेतला. तोपर्यंत इंग्लंडात या जातीचे कुत्रे अंगाने बरेच थोराड असत. मार्को त्या मानाने लहान होता. राणीने 1891 मध्ये आपले पोमेरेनियन क्रफ्ट्सच्या प्रदर्शनात उतरवले. तिच्यामुळे लहान कुत्र्यांची टूम निघाली आणि थोड्याच दशकांत जात निम्म्याहून लहान झाली. कातडी, रंग, केस यांची निवड झाली. पण यकृताला साठवण वाढवून मिळाली नाही.

त्या निवडीचे आजचे टोक म्हणजे ‘टीकप’. अशी कोणतीही जात नाही, मान्यताप्राप्त केनेल क्लब तिची नोंद करत नाहीत. अशक्त कुत्र्यांचे आपसांत संकर करून किंवा जन्मतःच खुरटलेले पिल्लू निवडून ते या नावाने विकले जाते. कधी कधी वयच खोटे सांगितलेले असते: पाच आठवड्यांचे पिल्लू दहा आठवड्यांचे म्हणून दाखवले की ते साहजिकच चिमुकले दिसते. आपल्या देशात 2017 च्या श्वान प्रजनन व विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. टॉय जातींसाठी तर दहा-बारा आठवडे थांबलेले बरे. त्या जादा आठवड्यांत पिल्लू घट्ट खाणे खायला शिकते आणि भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचे नाही हेही शिकते. दातांवरून वयाचा अंदाज येतो. दुधाचे सगळे 28 दात साधारण आठव्या आठवड्यापर्यंत दिसू लागतात, टॉय जातींत थोडे उशिराही. विक्रेता पिल्लाची आई दाखवायला टाळाटाळ करत असेल, तर पिल्लू कितीही गोजिरे असो, परत फिरावे. तिथे दया येऊन पैसे मोजले की त्या आईची पुढची वीण पक्की होते.

आता घराकडे वळू. घरातल्या साध्या साध्या वस्तू या पिल्लांची हाडे मोडतात. सोफा जेमतेम दीड फूट उंच, पण वीतभर उंचीच्या पिल्लासाठी तो गच्चीचा कठडा ठरतो. टॉय जातींमध्ये पुढच्या पायाची, मनगटाच्या वरची दोन हाडे मोडण्याचे प्रमाण मोठे आहे. कारण असते सोफ्यावरून मारलेली उडी किंवा लहान मुलाच्या हातून निसटणे. हाडे पेन्सिलीहून बारीक, आणि त्या जागी रक्तपुरवठा मोठ्या कुत्र्यांच्या मानाने कमी, म्हणून साध्या प्लास्टरने ती नीट जुळून येतीलच असे नाही. पुष्कळदा पट्टी आणि स्क्रू घालून शस्त्रक्रियाच करावी लागते. त्यामुळे घरात एक नियम करावा: मुलांनी पिल्लाला घ्यायचे ते जमिनीवर मांडी घालून बसूनच. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. पुढचे पाय धरून उचलणे मुळीच नको.

आपल्या घरांतले धोके परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. झोपाळा हा त्यातला पहिला. झोपाळ्याखालची सावली पिल्लाला आवडते, आणि परत येणाऱ्या पाटाचा कोपरा नेमका त्याच्या डोक्याच्या उंचीवर असतो. चिवावाच्या पिल्लांत टाळू अनेकदा उघडी असते, काहींची जन्मभर भरत नाही. तिथे बसलेला मार थेट मेंदूला लागतो. पिल्लू घरात असेतो झोपाळा अडकवून ठेवावा. बाल्कनीच्या जाळीतल्या ज्या फटीतून मांजर जात नाही त्यातून हे पिल्लू जाते. तिथे खालचे दोन फूट बारीक जाळी लावून घ्यावी. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरत राहिले की गुडघ्याची वाटी सरकण्याची मुळातली खोड आणखी बळावते. पिल्लू धावते त्या वाटेवर जुन्या सतरंज्या अंथरल्या तरी पुरे. आणि घरात चालताना पाय उचलून टाकण्याऐवजी थोडे सरपटत टाकायची सवय सगळ्यांनीच लावून घ्यावी, आजी-आजोबांनी तर नक्कीच. पायात आलेले पिल्लू चुकवताना माणूसही पडतो.

नावाचा टॅग अडकवायला गळपट्टा ठीक, दोरी मात्र हार्नेसलाच लावावी. या जातींत श्वासनलिकेच्या कुर्च्या मऊ असू शकतात. वय वाढले की नलिका चपटी होऊ लागते आणि बदकाने ओरडावे तसा कोरडा खोकला येतो. गळ्याला बसणाऱ्या हिसड्यांनी आणि लठ्ठपणाने तो वाढतो.

औषधे आणि विषारी पदार्थ यांचेही गणित वजनावर चालते. घरात पडलेली पॅरासिटामॉलची पाचशे मिलिग्रॅमची एक गोळी किलोभर वजनाच्या पिल्लाचा जीव घेऊ शकते. गडद चॉकलेटची एक वडी त्याला उलट्या आणि हृदयाची धडधड सुरू करायला पुरते. शिऱ्यातले बेदाणे, कांदा-लसणाची आमटी, साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले च्युइंगगम, हे सगळे त्याच्या आवाक्याबाहेर हवे. गोठ्यात वापरायचे गोचिडांचे औषध पाण्यात कालवून अंगाला चोळण्याची पद्धत गावाकडे आहे. टॉय जातीच्या पिल्लाला ती कधीच लावू नये. जंताचे औषधही त्या दिवशीच्या वजनावरून द्यायचे, गेल्या महिन्याच्या नव्हे. आठ आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी आणि नंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, असा साधारण रिवाज आहे.

लशीचे मात्र उलटे आहे. लशीचा डोस वजनावर ठरत नाही. प्रतिकारशक्ती जागी करायला लागणारी मात्रा लहान-मोठ्या सगळ्यांना सारखीच. ‘एवढ्याशा जिवाला अर्धीच द्या’ असा आग्रह धरणाऱ्या मालकाचे पिल्लू असुरक्षित राहते. लहान जातींत सूज किंवा उलटीसारखी प्रतिक्रिया थोडी जास्त वेळा दिसते, म्हणून एकाच दिवशी अनेक लशी टोचण्याऐवजी काही दिवसांचे अंतर ठेवता येईल का ते डॉक्टरांना विचारावे, आणि लशीनंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबावे. सहा-आठ आठवड्यांपासून दर तीन-चार आठवड्यांनी, सोळाव्या आठवड्यापर्यंत हे डोस चालतात. रेबीजची लस बाराव्या आठवड्यानंतर. इतके डोस का, असे पुष्कळ जण विचारतात. आईकडून आलेली संरक्षक द्रव्ये पिल्लाच्या रक्तात असेपर्यंत ती लशीलाही निष्प्रभ करतात, आणि ती नेमकी कधी ओसरतील हे प्रत्येक पिल्लात वेगळे असते. पार्व्हो हा विषाणू 1978 च्या सुमारास जगभर पसरला आणि आजही पिल्लांच्या मोठ्या मारेकऱ्यांपैकी एक आहे. तो जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो. रक्ती जुलाब आणि उलट्यांनी मोठे पिल्लू दोन दिवस तग धरते; किलोभराचे पिल्लू रात्रीत कोरडे पडते. म्हणून डोस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर, सोसायटीच्या बागेत, दवाखान्याच्या फरशीवर त्याला खाली सोडू नये.

पण याचा अर्थ त्याला घरात कोंडून ठेवावे असा नाही, आणि इथे बहुतेक मालक चुकतात. अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या जॅक्सन प्रयोगशाळेत जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी वर्षानुवर्षे पिल्लांचा अभ्यास करून 1965 साली निष्कर्ष मांडले. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्याच्या आसपासपर्यंत पिल्लू ज्या माणसांना, आवाजांना, वस्तूंना भेटते ती त्याला आयुष्यभर आपली वाटतात. या काळात जे भेटले नाही त्याची भीती बसू शकते. ही मुदत लशी पूर्ण होण्याआधीच सरत येते. यातून वाट काढता येते. पिल्लाला कडेवर घेऊन रोज बाहेर पडावे. भाजीवाल्याची हाक, रिक्षाचा भोंगा, प्रेशर कुकरची शिट्टी, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, काठी टेकत येणारे आजोबा, लांबून येणारा ढोल-ताशा, सगळे त्याला दुरून आणि सुरक्षित जागेवरून पाहू द्यावे. फटाक्यांचा आवाज मोबाइलवर अगदी हळू लावून खाऊ भरवावा. दिवाळीत त्याचा उपयोग होतो.

घरात मात्र त्याला कडेवरून उतरवावे. सतत हातात वाढलेले पिल्लू जमिनीवरच्या जगाला घाबरते. लॅब्रॅडॉरचे पिल्लू गुरगुरले तर घरातले सगळे सावध होतात. चिवावा गुरगुरला की हसू येते, कोणी त्याचा व्हिडिओ काढते. लहान कुत्री चिडखोर असतात हा समज अशाच घरांनी तयार केला आहे. ते पिल्लू ‘मला हे नको’ असे सांगत असते. कोणी ऐकत नाही, म्हणून ते पुढच्या वेळी दात लावते. झोपेत असताना उचलू नये, उचलण्याआधी बसून हाक मारावी, ते मागे सरकले तर हात मागे घ्यावा. ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ हे त्याला शिकवावे, बक्षीस म्हणून वाटाण्याच्या अर्ध्याएवढा कोंबडीचा तुकडा पुरे. शू-शीचे शिक्षण या जातींत जरा लांबते, कारण मूत्राशय अगदी लहान असते. खाल्ल्यावर, झोपेतून उठल्यावर, खेळ संपल्यावर दर वेळी कागदावर न्यावे आणि जमले की तिथल्या तिथे शाबासकी द्यावी. ओरडल्याने ते फक्त सोफ्यामागे जाऊन करायला शिकते.

चौथ्या महिन्यापासून दात बदलू लागतात. एवढ्याशा जबड्यात पक्के 42 दात मावायचे, आणि टॉय जातींत दुधाचे सुळे पुष्कळदा पडतच नाहीत. नवा सुळा जुन्याला खेटून उगवतो. मधल्या फटीत अन्न अडकते, हिरड्या सुजतात आणि दोन-तीन वर्षांतच पक्के दातही हलू लागतात. म्हणून पिल्लू घरी आल्यापासून बोटाला ओले फडके गुंडाळून दात पुसायची सवय लावावी. पुढे लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कुत्र्यांसाठीचीच पेस्ट घ्यावी. माणसांची पेस्ट नको. सहा-सात महिन्यांचे झाल्यावर डॉक्टरांना तोंड उघडून दाखवावे. त्यानंतर नसबंदी करायची ठरलेली असेल तर अडकून राहिलेले दुधाचे दात त्याच भुलीत काढून घेता येतात; लहान अंगाला दोनदा भूल देण्यापेक्षा एकदाच दिलेली बरी. त्या दिवशी उपाशी किती वेळ ठेवायचे हे मात्र आधीच विचारून घ्यावे, कारण मोठ्या कुत्र्यांना सांगतात तसे रात्रभर उपाशी ठेवणे या वयाच्या टॉय पिल्लाला चालत नाही. सकाळी लवकरची वेळ मागून घ्यावी आणि शुद्धीवर आल्यावर खायला द्यायला त्याच्या ओळखीचे मऊ खाणे डब्यात घालून न्यावे.